परवाना लवकर द्या, पण सगळ्यांना देऊ नका

७ जानेवारी २०२५ च्या सकाळी लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला, पॅसिफिक पॅलिसेड्स या वस्तीच्या वरच्या डोंगरात वणवा पेटला आणि वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणाऱ्या सांता अ‍ॅना वाऱ्यांनी तो हाकत थेट समुद्रापर्यंत आणला. त्याच संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या अंगाला, अल्टाडिना या वस्तीच्या डोक्यावर ईटनचा वणवा लागला. दोन्ही मिळून सोळा हजारांवर इमारती जळाल्या, ३१ माणसं गेली. १२ जानेवारीला, आग अजून धुमसत असतानाच, गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी जळालेली घरं पुन्हा बांधण्यापुरत्या पर्यावरण आणि किनारा कायद्यांच्या अटी स्थगित केल्या. २४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प तिथे आले आणि परवाने ताबडतोब द्या, असं महापौर कॅरेन बास यांना सर्वांदेखत सुनावून गेले. तेव्हापासून कॅलिफोर्नियात हा वाद पेटलेलाच आहे, आणि तो फार वाईट रीतीने घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, लाल फितीने लोकांना बेघर ठेवलंय, किनाऱ्यावर देखरेख करणारं कोस्टल कमिशनच मोडीत काढा. दुसरी म्हणते, जिथे दर काही वर्षांनी वणवा येतो तिथे मुळात घर बांधू द्यायचंच कशाला? एकाला परवाना म्हणजे निव्वळ अडथळा वाटतो, दुसऱ्याला तो अडवणुकीचं हत्यार म्हणून हवा आहे. परवान्याने खरं काय ठरवायचं असतं, हे दोघेही विचारत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याचं राहतं घर जळालं त्याला परवाना काही आठवड्यांत मिळाला पाहिजे, मात्र आगीपासून बचावाची एकही अट सैल न करता. आणि ज्या मोकळ्या डोंगरावर आजवर घर नव्हतं, जिथून निघायला एकच रस्ता आहे, तिथे नव्या घराला पहिल्याच दिवशी स्पष्ट नकार मिळाला पाहिजे. आज बरोबर उलटं घडतं. घर गमावलेला माणूस वर्षानुवर्षं खेटे घालतो आणि डोंगरावरच्या नव्या बंगल्याचं भिजत घोंगडं दहा-दहा वर्षं पडून राहतं, कारण ‘नाही’ म्हणण्याची हिंमत कोणत्याच कार्यालयात नसते.

आधी एक गैरसमज दूर करू. कोस्टल कमिशनमुळे जळालेली घरं उभी राहत नाहीत, हे विधान इतक्यांदा केलं गेलंय की ते खरंच वाटू लागलं आहे. १९७६ चा किनारा कायदा काय म्हणतो? नैसर्गिक आपत्तीत नष्ट झालेली इमारत त्याच जागी, त्याच वापरासाठी, क्षेत्रफळ आणि उंचीत दहा टक्क्यांहून जास्त वाढ न करता पुन्हा बांधायची असेल, तर किनारा परवाना लागतच नाही. ही सूट कायद्यात आधीपासूनच आहे. राज्याच्या १९७० च्या पर्यावरण कायद्यातही आपत्तीनंतरच्या पुनर्बांधणीला अशीच मोकळीक आहे. गव्हर्नरांच्या आदेशातल्या सवलतीचा बराचसा भाग लोकांच्या हाती आधीपासून होता. मग २०१८ च्या वूल्झी वणव्यात पॅलिसेड्सलगतच्या मॅलिबू या किनारी शहरातली साडेचारशेहून अधिक घरं गेली, त्यातली सहा वर्षांनंतरही निम्मीसुद्धा का उभी राहिली नव्हती? कारण अडलं होतं ते दुसरीकडे. डोंगर घसरणार नाही ना, याचा भूगर्भ अहवाल. बंब वर जाईल इतका रुंद रस्ता. नळाला पुरेसा दाब. नव्या नियमांत बसणारी सांडपाण्याची व्यवस्था. आणि या सगळ्याहून मोठं कारण म्हणजे घर बांधायचा खर्च आणि विम्याची रक्कम यांच्यातली दरी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं हे चाललं आहे.

सांडपाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण किनाऱ्यालगतच्या घरांचं घोडं तिथेच पेंड खातं. मॅलिबूच्या बहुतेक भागात गटारवाहिन्याच नाहीत. प्रत्येक घराची स्वतःची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. हे विसरून राहिलेलं काम नव्हे. १९९१ मध्ये मॅलिबू स्वतंत्र शहर झालं, त्यामागचं एक मोठं कारण काउंटीची, म्हणजे जिल्हा प्रशासनाची, मलनिस्सारण योजना रोखणं हे होतं. गटार आलं की मागोमाग हॉटेलं आणि इमारती येतील, ही भीती होती, आणि ती चुकीचीही नव्हती. पण त्या निर्णयाची किंमत आज पॅसिफिक कोस्ट हायवेच्या कडेला, लाटांच्या तोंडावर चिंचोळ्या पट्टीत राहणारे लोक मोजताहेत. घर पुन्हा बांधायचं तर टाकी नव्या पद्धतीची हवी. ती भरतीच्या लाटांपासून वाचवायची तर पुढे समुद्राला भिंत हवी. भिंत म्हटली की वाळू वाहून जाण्याचा आणि लोकांच्या पुळणीवरच्या हक्काचा प्रश्न आला. शिवाय पुराची पातळी वर धरल्याने घर आणखी उंच खांबांवर न्यायचं. हे सगळं एकेका मालकाने एकेका फाइलीत स्वतंत्रपणे सिद्ध करायचं. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या चाळीस घरांनी त्याच वाळूचे चाळीस अहवाल द्यायचे. हा वेळ कायद्याच्या कडकपणामुळे जात नाही, जे काम गावाने एकदा करायचं ते प्रत्येकाच्या गळ्यात बांधल्यामुळे जातो.

उशीर क्रूर असतो, हे पहिल्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. विमा कंपनी तात्पुरत्या घराचं भाडं दोन वर्षं देते, फार तर वाढवून तीन. त्यानंतर जळालेल्या घराचं कर्ज आणि भाड्याच्या घराचं भाडं, दोन्ही स्वतःच्या खिशातून. ज्याच्याकडे वकील आहे, फाइली पुढे सरकवणारा पगारी सल्लागार आहे, तो थांबू शकतो. चाळीस वर्षांपूर्वी स्वस्तात घर घेतलेली निवृत्त शिक्षिका थांबू शकत नाही; ती जमीन विकून निघून जाते. म्हणजे संथ परवाना डोंगराला माणसांपासून वाचवत नाही. तो फक्त माणसं बदलतो: ज्यांचं उभं आयुष्य तिथे गेलं ते जातात आणि ज्यांना थांबणं परवडतं ते येतात. जे निसर्गाच्या काळजीने उशिराचं समर्थन करतात त्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. उशिराने एक तरी घर कमी धोक्याचं झालं का?

पण याच मुद्द्यावरून ‘म्हणून अटी काढा’ या निष्कर्षावर उडी मारणं हा त्याहून मोठा घोटाळा आहे. वेग आणि शिथिलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १६६६ च्या आगीत लंडनमधली तेरा हजारांवर घरं जळाली. क्रिस्टोफर रेन यांनी काही दिवसांतच नव्या शहराचा भव्य आराखडा राजापुढे ठेवला. तो बाजूला पडला, कारण लोकांना त्यांच्याच जागी परत जायचं होतं. पण १६६७ च्या कायद्याने सांगितलं: बाहेरून लाकूड चालणार नाही, वीट किंवा दगडच; घराचे प्रकार चार, कोणत्या रस्त्यावर कोणता ते ठरलेलं; काही रस्ते रुंद होणार. घरमालक आणि भाडेकरूंचे तंटे वर्षानुवर्षं कुजू नयेत म्हणून खास न्यायालय नेमलं. शहराचे मोजणीदार, त्यांत शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकही होते, जागेवर येऊन पायाची आखणी करून देत आणि मालक कामाला लागे. त्या काळचा परवाना तो हाच. काही वर्षांत बहुतेक शहर उभं राहिलं आणि ते आधीच्यापेक्षा आगीला कठीण होतं. नियम कडक होते म्हणून ते रखडलं नाही. उलट नियम थोडे, ठाम आणि सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यामुळे ते भराभर झालं.

उलटा दाखला कॅलिफोर्नियातलाच आहे. १९०६ च्या भूकंपात आणि त्यामागून आलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या अठ्ठावीस हजार इमारती गेल्या. शहराला आपण सावरलो हे जगाला दाखवण्याची घाई झाली होती, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी खाडीकाठची दलदल भरून काढली गेली, आणि पुढे त्याच भरावावर मरिना भागातली घरं उठली. १९८९ च्या भूकंपात ती भराव जमीन पाण्यासारखी हलली, घरं कोसळली आणि पेटली. घाईत मिळालेली मंजुरी त्या दिवशी कोणाच्या खात्यावर लिहायची?

‘जमीन माझी, धोका माझा, सरकारने मध्ये पडू नये,’ हा युक्तिवाद आता सर्रास ऐकू येतो. स्वातंत्र्याची चाड मलाही आहे. पण वणव्यात घर कसं जळतं ते पाहा. ज्वालांची भिंत चालून येते आणि घर गिळते, हे चित्र बहुतेक वेळा चुकीचं असतं. वारा निखारे कित्येक फर्लांग पुढे फेकतो. ते पोटमाळ्याच्या जाळीतून आत शिरतात, पन्हाळीतल्या पाल्यावर पडतात, भिंतीलगतच्या झुडपात किंवा लाकडी कुंपणात धुमसत राहतात. एक घर पेटलं की त्याच्या उष्णतेने शेजारच्याच्या काचा तडकतात, आणि मग डोंगर विझला तरी वस्ती एकमेकांना पेटवत जाते. पॅलिसेड्सच्या सपाट गल्ल्यांत असंच झालं. म्हणजे माझ्या छताला कौलं आहेत की लाकडी पट्ट्या, हा माझ्यापुरता प्रश्न राहत नाही. वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना राज्याने २००८ पासून न पेटणारं छत, बारीक जाळीचे झरोके, दुहेरी कडक काच बंधनकारक केली. अभ्यासकांनी प्रत्यक्ष वणव्यांत सापडलेली घरं तपासली, तेव्हा त्या संहितेनंतरचं घर १९९० च्या घराच्या तुलनेत नष्ट होण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाली, आणि त्याच्या शेजाऱ्याचाही थोडा फायदा झालेला दिसला. या अटीला कोणी लाल फीत म्हणत असेल, तर त्याने शेजाऱ्यासमोर उभं राहून म्हणावं.

धोका ‘माझा’ असतो तर पैसेही माझेच गेले असते. २०२४ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीने कॅलिफोर्नियातल्या ७२,००० पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही असं जाहीर केलं. त्यात पॅलिसेड्सची घरं मोठ्या संख्येने होती. ज्यांना कोणी विमा देत नाही ते ‘फेअर प्लॅन’ या शेवटच्या आधाराकडे वळतात. वणव्यानंतर त्या प्लॅनची गंगाजळी आटली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने राज्यातल्या सगळ्या विमा कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर मागितले. त्यातला निम्मा भार कंपन्यांना आपल्या ग्राहकांवर टाकता येतो. या डोंगरांपासून कोसो दूर, सनीव्हेल किंवा फ्रीमाँटच्या सपाटीवर हप्ते भरणारी मराठी कुटुंबंही या हिशेबात आहेत. ज्या घराला कोणतीही शहाणी विमा कंपनी हात लावत नाही त्याला परवाना देणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने हमी देणं. हमीदाराला अट घालण्याचा अधिकार नाही, असं कसं म्हणता येईल?

आणि ज्या किनाऱ्यावर परवान्याचं राज्यच नव्हतं तिथे काय झालं? ग्रीसमधलं माती हे अथेन्सजवळचं समुद्रकाठचं गाव. पाइनच्या झाडीत, मंजुरी न घेता किंवा नंतर दंड भरून नियमित करून घेत, दशकानुदशकं घरं वाढत गेली. गल्ल्या अरुंद, कित्येक पुढे बंद. समुद्राकडे उतरायच्या वाटा खाजगी भिंतींनी अडलेल्या. २३ जुलै २०१८ ला वारा सुटला आणि वणवा तासाभरात गावातून गेला. शंभराहून अधिक माणसं मेली. त्यांतली २६ कड्याजवळच्या एका आवारात एकमेकांना कवटाळून सापडली. समुद्र काही पावलांवर होता आणि तिकडे जायची वाट त्यांना सापडली नाही. रस्त्याची रुंदी, दुसरी वाट, किनाऱ्यावर उतरायचा सार्वजनिक जिना या गोष्टी फाइलीत कंटाळवाण्या वाटतात. तिथे माणसं जगणार की मरणार, हे त्यांच्यावरच ठरलं.

किनारा कायद्याच्या जन्माकडेही थोडं पाहायला हवं. १९७२ मध्ये लोकांनी स्वतः सह्या गोळा करून, मतदानाने तो आयोग आणला, कारण समुद्र श्रीमंतांच्या कुंपणामागे जात होता. आज मॅलिबूच्या बंगल्यांच्या रांगेतून सामान्य माणसाला पुळणीवर जायला ज्या चिंचोळ्या वाटा आहेत, त्यांतल्या कित्येक बांधकाम परवान्याच्या अटींतून मिळालेल्या आहेत. आयोग मोडला तर त्या निवृत्त शिक्षिकेचं घर लवकर होणार नाही. तिला मुळात त्या आयोगाच्या परवान्याची गरजच नव्हती. फायदा होईल तो ज्यांना आजवर त्याने अडवलं त्यांचा.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. ‘तिथे राहूच नका’ म्हणणाऱ्यांकडे इतिहास आहे, तो नाकारता येणार नाही. मॅलिबूच्या डोंगरांत १९५६, १९७८, १९९३, २००७, २०१८ आणि डिसेंबर २०२४ मध्येही वणवे आले. तिथलं चॅपराल म्हणजे तेलकट पानांची झुडपं; कोरडा उन्हाळा आणि वाळवंटाकडून समुद्राकडे धावणारा वारा यांच्यात ती पेटणं हा त्या भूमीचा स्वभाव आहे. पण या युक्तिवादाला माणसांतला फरक दिसत नाही. पॅसिफिक पॅलिसेड्स १९२२ मध्ये वसलं; शाळा, प्रार्थनास्थळं, बाजार असलेलं शंभर वर्षांचं गाव. त्याच्या किनारी अंगाला फिरत्या घरांच्या वसाहती होत्या, तिथे साधी माणसं राहत आणि त्याही जळाल्या. त्यांना ‘उठा’ म्हणायचं तर कुठे, आणि कोणाच्या पैशाने? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ वणव्यात १७३ माणसं गेली, तेव्हा सरकारने सर्वाधिक धोक्याच्या जमिनी विकत घेण्याची योजना आणली. ती ऐच्छिक होती आणि पैसे देऊन होती. फुकट दिलेला ‘माघार घ्या’ हा सल्ला म्हणजे आगीतून फुफाट्यात ढकलणं.

त्याच राज्यात एक प्रकरण मॅलिबूच्या फार जवळ जाणारं आहे. ग्रेट ओशन रोडवरची वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक ही दोन छोटी किनारी गावं. २०१५ च्या नाताळच्या दिवशी वणव्यात ११६ घरं गेली. वेळेत गाव रिकामं केल्यामुळे जीव एकही गेला नाही. अडचणी तंतोतंत त्याच: चढावरची घसरणारी जमीन, सेप्टिक टाक्या, माथ्यावर जंगल, पायथ्याशी समुद्र. तिथे वणव्याचा धोका, जमिनीची स्थिरता आणि सांडपाणी यांचा अभ्यास प्रत्येक मालकाच्या माथी न मारता दोन्ही गावांसाठी एकत्र हाती घेतला गेला, आणि त्यांच्यापुरते नियोजनाचे वेगळे नियम केले. अटी सौम्य नव्हत्या. ऑस्ट्रेलियात वणव्याच्या तडाख्यानुसार घराच्या सहा श्रेण्या आहेत, वरच्या श्रेणीत बांधणं चांगलंच महाग पडतं, आणि सगळे काही परतले नाहीत. पण आपल्या जागेवर काय चालेल हे प्रत्येकाला कागद घेऊन वणवण न करता कळू शकत होतं. मॅलिबूच्या चाळीस घरांच्या चाळीस अहवालांना हेच उत्तर आहे: एक अभ्यास, सरकारी खर्चाने, आणि पुढे अनेक घरांना मिळून सांडपाण्याची एक व्यवस्था. गटार आलं की वस्ती फुगेल ही जुनी भीती खरी असेल, तर गटाराची क्षमता जळालेल्या घरांपुरती बांधा. तेवढं गणित कोणत्याही अभियंत्याला येतं.

नव्या घराचा प्रश्न मात्र इथून वेगळा होतो. यूटू बँडचे गिटारवादक द एज यांनी मॅलिबूच्या एका कड्यावर पाच घरांची योजना आणली. कोस्टल कमिशनने २०११ मध्ये ती आठ विरुद्ध चार मतांनी फेटाळली. घरं थोडी हलवून, लहान करून २०१५ मध्ये तीच योजना बारा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. पर्यावरणवादी न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये मंजुरी रद्द झाली. कशावरून? अर्ज आयोगाने ऐकायला नको होता, काउंटीने ऐकायला हवा होता, या मुद्द्यावरून. वकील, भूगर्भतज्ज्ञ, सुनावण्या यांवर दहा वर्षांहून अधिक काळ खर्च झाला, आणि वणव्याच्या वाटेवरच्या कड्यावर नवी वस्ती असावी का, हा सरळ प्रश्न शेवटच्या निकालात आलाच नाही. अर्जदारालाही न्याय नाही, डोंगरालाही नाही.

असं का होतं, याचं मूळ नियमांच्या आतच आहे. मॅलिबूच्या २००२ च्या किनारा आराखड्यात संवेदनशील अधिवासात घर बांधायला खरं तर जागाच नाही. तरीही तिथे दहा हजार चौरस फूट किंवा जमिनीचा चौथा हिस्सा, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यावर बांधकाम चालतं. कारण राज्यघटना. सगळा वापर बंद केला तर सरकारने जमीन हिरावली असं होतं आणि भरपाई द्यावी लागते. भरपाई नको म्हणून ‘थोडं बांधा’. पण घर थोडं असलं तरी अग्निशमन दल त्याच्याभोवती दोनशे फुटांपर्यंत झुडपं विरळ करायला लावतं, म्हणजे जो अधिवास वाचवायचा तोच विरळ होतो. आणि वणवा आला की त्या एका घरासाठी बंब त्याच एकमेव रस्त्याने वर जातो, ज्याने खालची वस्ती जीव मुठीत घेऊन निघालेली असते. ७ जानेवारीला सनसेट बुलेवार्डवर लोकांनी गाड्या जागीच सोडून पळ काढला आणि बंबांना वाट करायला त्या गाड्या बुलडोझरने बाजूला ढकलाव्या लागल्या. पॅलिसेड्स हायलँड्सच्या वस्तीला खाली यायला पॅलिसेड्स ड्राइव्ह हा एकच रस्ता. असल्या रस्त्याच्या टोकाला आणखी एक घर म्हणजे आधीच्या प्रत्येक घराच्या सुटकेतली काही मिनिटं कमी करणं. त्यांची संमती कोणी घेतली?

कॅलिफोर्नियात घरांचा भीषण तुटवडा आहे, हा आक्षेप इथे येतो, आणि तो गंभीर आहे. पण कड्यावरच्या पाच बंगल्यांनी तो भरून निघत नाही. तो भरेल तो सपाटीवर, बसगाडीच्या आणि मेट्रोच्या मार्गांवर, जिथे आजही शेजारी चारमजली इमारतीला विरोध करतात. दुटप्पीपणा किती खोल आहे याचं उदाहरण: जुलै २०२५ मध्ये न्यूसम यांनी जळालेल्या भागांत एका प्लॉटचे दोन भाग करून जास्त घरं बांधू देणारा कायदा रोखण्याची मुभा दिली. कारण सांगितलं ते आगीत सुटका होण्याचं. कारण योग्य होतं. मग तेच कारण मोकळ्या कड्यावरच्या नव्या अर्जाला पहिल्या दिवशी का लावलं जात नाही? लहान घरांची गर्दी धोकादायक आणि मोठ्या घराचा पसारा निर्धोक, असं वणवा मानत नाही.

नियम करून न पाळण्याची खोडही इथेच आहे. घराच्या भिंतीपासून पाच फुटांत पेटणारं काहीही नको, असा कायदा राज्याने २०२० मध्ये केला. त्याचे नियम १ जानेवारी २०२३ पर्यंत यायचे होते. ती तारीख गेली, पॅलिसेड्स जळालं, तेव्हाही ते आलेले नव्हते. कुंपणालगतची झाडं, बाग, सावली यांवरचं लोकांचं प्रेम खरं आहे आणि त्यांच्याशी बोलून नियम करायला हवेत. पण ज्या सरकारला साध्या पाच फुटांचं धोरण वेळेत ठरवता येत नाही, त्याने मालकाचा प्लॅन सहा महिन्यांत मंजूर होत नाही म्हणून नागरिकांवर मेहेरबानी केल्यासारख्या सवलती जाहीर करू नयेत.

राहिला स्पष्ट नकाराच्या किमतीचा प्रश्न, आणि तो टाळून माझं म्हणणं पूर्ण होत नाही. साउथ कॅरोलायनात एका मालकाने १९८६ मध्ये आइल ऑफ पाम्सवर समुद्रकाठचे दोन प्लॉट ९ लाख ७५ हजार डॉलरना घेतले. १९८८ मध्ये राज्याने किनाऱ्याची धूप रोखण्यासाठी तिथे बांधकाम बंद केलं. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जमिनीची सगळी किंमत जात असेल तर भरपाई द्यावी लागेल. हा निकाल किनारा वाचवणाऱ्यांना अजून बोचतो. मला तो न्याय्य वाटतो. लोकांच्या सुरक्षिततेसाठी एकाने घर सोडायचं तर पैसे सगळ्यांनी द्यावेत. त्या प्रकरणातली खरी लाजिरवाणी गोष्ट पुढची आहे: राज्याने भरपाई देऊन ते प्लॉट घेतले आणि मग घर बांधण्यासाठीच पुन्हा विकून टाकले.

कॅलिफोर्नियाने ती चूक करू नये एवढी साधनं तिच्याकडे आहेत. १९८० पासून सांता मोनिका माउंटन्स कॉन्झर्व्हन्सी ही राज्याची संस्था याच डोंगरांतल्या जमिनी विकत घेऊन लोकांसाठी राखते आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी दहा अब्ज डॉलरच्या हवामान कर्जरोख्यांना मान्यता दिली, त्यातले दीड अब्ज वणव्यांपासून बचावासाठी आहेत. एकच रस्ता असलेल्या डोंगरांवरचे मोकळे प्लॉट नकाशावर आज, अर्ज येण्याआधी, लाल करा. त्यांच्या मालकांना पत्र पाठवा: इथे परवाना मिळणार नाही, बाजारभावाने जमीन घ्यायला राज्य तयार आहे, उत्तरासाठी एवढी मुदत. घेतलेली जमीन पुन्हा विकता येणार नाही, असं करारातच लिहा. आणि जी माणसं आज अशा प्लॉटच्या सुनावण्यांत अडकून पडली आहेत, ती भूगर्भतज्ज्ञ, अग्निशमन अधिकारी, आराखडा तपासनीस, त्या निवृत्त शिक्षिकेच्या फाइलीवर बसवा.